पेन ज्याला येत नाही त्याच्या हातात

पहिल्या सेमिस्टरला जनरल केमिस्ट्रीच्या पेपरसाठी आम्ही आठ जण एकत्र बसायचो. सांगलीत, विश्रामबागेतल्या एका खोलीवर, रात्री नऊ ते दोन. आमच्यातला एक मुलगा हुशार. तो गणितं सोडवायचा आणि आम्ही सात जण ती उतरवून घ्यायचो. "कळलं का?" असं तो विचारायचा आणि आम्ही माना डोलवायचो. पेपरात मोलॅरिटीचं गणित तसंच्या तसं आलं, फक्त आकडे बदललेले. मला पहिली ओळसुद्धा सुचली नाही. आठातल्या तिघांचा विषय राहिला. शिकवणाऱ्या मुलाला मात्र उत्तम मार्क पडले. पडणारच होते, कारण त्या पाच तासांत अभ्यास एकट्याचाच होत होता, त्याचा.

दुसऱ्या सेमिस्टरला आम्ही पाच जण बसलो आणि एकच नियम पाळला. ज्याला येत नाही, पेन त्याच्या हातात. पाचही जण सुटलो. आता मी शेवटच्या वर्षाला आहे आणि दर परीक्षेआधी ज्युनिअर मुलं येऊन विचारतात की ताई, तुम्ही कसं केलंत. म्हणून सगळं एकदा लिहून काढते.

चार किंवा पाच जण घ्या, सहावा नको. सहावा आला की दोन गट पडतात आणि एक गट गप्पांना लागतो. पाचही जण हुशार असण्याची काहीच गरज नाही. आमच्यात एक मिरजेचा, इंग्रजी माध्यमाचा. एक जतचा, एक पलूसची, एक सांगलीतलाच, आणि मी तासगाव तालुक्यातली. पलूसच्या मैत्रिणीची एसटी साडेपाचची. त्यामुळे आमची वेळ तिच्या गाडीने ठरवली, अडीच ते पाच. हे फार बरं झालं. उठायची वेळ ठरलेली असली की "नंतर बघू" म्हणायला वाव राहत नाही. रात्रीचं जागरण एकट्याच्या पाठांतराला चालत असेल, पण दमलेला माणूस दुसऱ्याची चूक धीराने ऐकून घेऊ शकत नाही.

जागा अशी बघा जिथं मोठ्याने बोलता येईल. अभ्यासिका यासाठी उपयोगाची नाही, तिथं शांतताच हवी. आम्ही मिरजेच्या मित्राच्या माडीवर बसायचो. फळा नव्हता. पतसंस्थांची मोठी भिंतीवरची कॅलेंडरं असतात ना, त्यांची मागची बाजू कोरी असते. जुनी पानं खिळ्याला अडकवून त्यावर स्केच पेनने लिहायचो. एका पानावर एक गणित. दुसऱ्या दिवशी तेच पान उलटं करून ठेवायचं आणि ज्याने काल ते सोडवलं त्याने आज न बघता पुन्हा सोडवायचं. काल कळल्यासारखं वाटलेलं खरंच कळलं होतं का, हे तिथं लगेच समजतं.

आता पेनचा नियम नीट सांगते, कारण सगळं त्याच्यावरच उभं आहे. ज्याला धडा येतो त्याने पेनला हात लावायचा नाही. तो फक्त तीन प्रश्न विचारू शकतो. काय दिलंय? काय काढायचंय? एकक काय येणार? समोरचा अगदीच अडला तर वेगळ्या कागदावर, वेगळे आकडे घेऊन, तशाच जातीचं दुसरं गणित करून दाखवायचं, तो कागद बाजूला ठेवायचा आणि पेन परत द्यायचं. ऐकायला सोपं आहे, पाळायला अवघड. समोरचा चुकीच्या रस्त्याने चाललेला दिसतो आणि आपला हात शिवशिवतो.

एक प्रसंग सांगते. गणित होतं, ६ ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन घेतला तर पाणी किती तयार होईल. जतच्या मित्राने मोल बरोबर काढले, हायड्रोजनचे ६ भागिले २ म्हणजे ३, ऑक्सिजनचे ६४ भागिले ३२ म्हणजे २. आणि दोनाभोवती गोल करून म्हणाला, "कमी आहे तो लिमिटिंग, म्हणजे आधी संपणारा. ऑक्सिजन." सांगलीचा मित्र "अरे नाही" म्हणत पेनकडे झेपावलाच होता, पलूसच्या मैत्रिणीने त्याला थांबवलं. तिने जतच्या मित्राला विचारलं, "लग्नाची पंगत बसलीय. एका पानावर दोन जिलब्या आणि एक वाटी मठ्ठा. आत ६० जिलब्या आहेत आणि ४० वाट्या मठ्ठा. आधी काय संपेल?"

"जिलबी. तीस पानांतच संपेल."

"मग ६० जास्त की ४०?"

तो काही बोलला नाही. समीकरणातल्या (2H₂ + O₂ → 2H₂O) हायड्रोजनच्या आधी लिहिलेल्या २ कडे बराच वेळ बघत बसला. मग स्वतःच तो गोल खोडला, ३ भागिले २ म्हणजे दीड, २ भागिले १ म्हणजे दोन, आणि हायड्रोजनभोवती नवा गोल केला. पाणी ३ मोल, म्हणजे ५४ ग्रॅम. ऑक्सिजन दीड मोल लागला, ४८ ग्रॅम, उरला १६ ग्रॅम. ५४ आणि १६ मिळून ७०, सुरुवातीलाही ६ आणि ६४ मिळून ७०. ताळा जुळला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला मला अजून आठवतो. त्यानंतर लिमिटिंग रिएजंटचं त्याचं एकही गणित चुकलं नाही. सांगलीच्या मित्राने पेन घेतलं असतं तर ते कॅलेंडरवर एका मिनिटात सुटलं असतं आणि पेपरात पुन्हा दोनाभोवतीच गोल पडला असता.

धडे वाटून घेताना उलटं करा. ज्याला जो धडा सर्वात अवघड जातो तो त्याच्याकडे द्या. मला बफरची, म्हणजे थोडं ॲसिड किंवा बेस टाकलं तरी पीएच फारसा न बदलणाऱ्या द्रावणाची, धास्ती होती, म्हणून बफर माझ्याकडे. तीन दिवस वाचून मला बाकीच्यांना तो सांगायचा होता आणि त्यांनी मध्ये हवं तिथं अडवायचं. बफरचा पीएच काढायच्या हेंडरसन समीकरणात, अपूर्णांकात वर सॉल्ट की वर ॲसिड, हे मी कायम विसरायची. सांगताना मीच एक ताळा शोधला. ॲसिटिक ॲसिडचा पीकेए, म्हणजे ॲसिड किती तीव्र ते सांगणारा आकडा, ४.७६. सॉल्ट दहापट घेतलं तर पीएच एकाने बदलणार. सॉल्ट वाढलं म्हणजे आम्लपणा कमी, म्हणजे पीएच वर जायला हवा, ५.७६. उत्तर ३.७६ आलं की समजायचं, अपूर्णांक उलटा पडला. ही युक्ती मला कोणी सांगितली असती तर मी विसरले असते. चौघांसमोर अडखळत ती माझी मला सापडली, म्हणून राहिली.

आमच्यातल्या चौघांचं दहावीपर्यंत मराठी माध्यम. संयुजा, क्षपण, आम्लारी हे शब्द पाठ, आणि अकरावीत एकदम व्हॅलन्सी, रिडक्शन, बेस. पेपर इंग्रजीत लिहायचा म्हणून आम्ही आधी समजूनही इंग्रजीतच घ्यायला बघायचो आणि दोन्हीकडून अडकायचो. तसं करू नका. समजून घ्या मराठीत, लिहा इंग्रजीत. एका पानावर शब्दांच्या जोड्या मांडून ते पान समोर ठेवा. मराठी शब्द कधी कधी जास्त स्वच्छ असतात. मोलॅरिटी आणि मोलॅलिटीत आम्ही सगळे गोंधळायचो, इंग्रजी माध्यमाचा मित्रसुद्धा. मग पान असं लिहिलं: मोलॅरिटी म्हणजे एक लिटर द्रावणात किती मोल, मोलॅलिटी म्हणजे एक किलो द्रावकात किती मोल. द्रावण लिटरमध्ये, द्रावक किलोत. मिरजेच्या मित्राने द्रावक हा शब्द पहिल्यांदा ऐकला आणि त्यालाच तो सर्वात आधी पाठ झाला. व्याख्या मात्र रोज दोन, पूर्ण इंग्रजी वाक्यात, लिहून एकमेकांकडून तपासून घ्या.

घरातली, शेतातली गणितं करा. आमच्याकडे बेदाणा करतात. द्राक्षाचे घड शेडमधल्या जाळीवर पसरण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून काढतात. त्याने द्राक्षावरच्या मेणाच्या थराचा अडसर कमी होतो आणि आतलं पाणी लवकर सुटतं. वडील १०० लिटर पाण्याला अडीच किलो पावडर टाकतात. मी लहानपणापासून ते बघत आले, पण त्याची मोलॅरिटी किती हा प्रश्न कधी पडला नव्हता. पोटॅशियम ३९.१ दोनदा, कार्बन १२, ऑक्सिजन १६ तीनदा, मिळून १३८.२. २५०० भागिले १३८.२ म्हणजे सुमारे १८.१ मोल, १०० लिटरमध्ये, म्हणून ०.१८ मोलार. सुट्टीला गेले तेव्हा बाटलीभर पाणी आणलं. सांगलीत हळदीला काय तोटा, फिल्टर पेपरवर हळद चोळून ठेवलीच होती. कागदावर थेंब टाकला आणि पिवळा कागद तांबूस लाल झाला. मग प्रश्न निघाला की पावडरीत हायड्रॉक्साइड नाही, तरी द्रावण अल्कधर्मी कसं? कार्बोनेट आयन पाण्याकडून प्रोटॉन ओढून घेतो आणि हायड्रॉक्साइड मागे उरतो. सॉल्ट हायड्रोलिसिसचा अख्खा धडा त्या एका डागात आम्हाला कळला. लिंबाच्या रसात मात्र हळदीचा कागद पिवळाच राहतो, तसाच साध्या पाण्यातही. म्हणजे हळद आम्लारी दाखवते, आम्ल ओळखून देत नाही. हे पण करून बघा, पुस्तकात वाचण्यापेक्षा जास्त टिकतं.

रेणूंच्या आकारांसाठी कणकेचे गोळे आणि खराट्याच्या काड्या पुरतात. मिथेन १०९.५ अंश, अमोनिया १०७, पाणी १०४.५. हे कोन पाठ करायच्या आधी लोन पेअरसाठी, म्हणजे बंधात नसलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीसाठी, एक मोठा गोळा लावून काड्या कशा दाबल्या जातात ते हाताने बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

सर्वात मोलाची वस्तू म्हणजे चुकांची वही. पाच जणांची मिळून एकच वही. चूक झाली की ज्याची चूक त्यानेच, आपल्या अक्षरात, काय लिहिलं होतं आणि का चुकलं हे लिहायचं. आमच्या वहीतलं एक पान असं आहे: बर्फ वितळण्याचं तापमान काढा, डेल्टा एच (लागणारी उष्णता) ६.०१ किलोज्यूल, डेल्टा एस (एंट्रॉपीतला बदल) २२.० ज्यूल प्रति केल्विन. मी भागाकार केला आणि उत्तर लिहिलं ०.२७३ केल्विन. आकडे बरोबर, पण एक बाजू किलोज्यूलमध्ये आणि दुसरी ज्यूलमध्ये. हजाराने गुणलं की २७३. पलूसच्या मैत्रिणीने खाली लिहून ठेवलंय, "उत्तर आल्यावर स्वतःला विचार, बर्फ खरंच इतक्या थंडीत वितळेल का?" दुसरं पान वायूंचं. तापमान २७ वरून ५४ सेल्सिअसला नेलं म्हणून कोणीतरी आकारमान दुप्पट केलं. केल्विनमध्ये ते ३०० वरून ३२७, म्हणजे आकारमान फक्त ९ टक्के वाढतं. शेवटच्या आठवड्यात नोट्सपेक्षा ही वही जास्त वाचली.

सीनिअरच्या नोट्सची झेरॉक्स मिळते, ती घ्या, पण ताडून बघा. आमच्याकडच्या नोट्समध्ये मोलची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ वरून दिली होती. ती २० मे २०१९ पासून बदलली आहे. आता मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. ग्रुपवर आलेली पीडीएफ पुढे पाठवली म्हणजे मदत झाली असं समजू नका. मदत म्हणजे समोरच्याच्या वहीत ओळ न् ओळ बघणं.

पेपरच्या दहा दिवस आधी प्रत्येकाने एक प्रश्नपत्रिका काढायची आणि दुसऱ्याने ती पूर्ण वेळ लावून सोडवायची. तपासताना सूत्राचे, आकडे भरण्याचे आणि उत्तराचे मार्क वेगळे द्या. एकक नसेल तर मार्क कापा, मैत्रीखातर सोडू नका.

एक वाक्य गटात पूर्ण बंद ठेवा: "एवढं साधं येत नाही?" आमच्यात कोणीतरी ते एकदा बोललं आणि जतचा मित्र दोन दिवस आला नाही. फोन केला तर म्हणाला, "माझ्यामुळं तुमचा वेळ जातोय." आम्ही चौघं त्याच्या खोलीवर गेलो, कॅलेंडरची पानं घेऊन. त्याला सांगितलं की जिलबीच्या गणितानंतर लिमिटिंग रिएजंट आम्हा सगळ्यांचाच पक्का झाला, आणि ते खरंच होतं. तो विचारायचा ते प्रश्न आमच्याही मनात असायचे, विचारायचं धाडस फक्त त्याच्यात होतं. तुमच्यातलं कोणी येईनासं झालं तर मेसेज करून थांबू नका, जाऊन भेटा.

आदल्या दिवशी नवीन काही सोडवू नका. चुकांची वही एकदा मोठ्याने वाचा आणि पाच वाजता घरी जा. सकाळी केंद्रावर पोचलात की एकमेकांना प्रश्न विचारायचे नाहीत, फक्त प्रत्येकाने आपला कॅल्क्युलेटर तपासायचा. लॉग दाबून २ टाका. ०.३०१ आलं तर ठीक. ०.६९३ आलं तर तुम्ही शेजारचं एलएनचं बटण दाबलंय.