खोली घेतल्यावर आधी फरशी पाहा

लातूरहून नोकरीसाठी २००६ च्या जूनमध्ये मी कोल्हापुरात आलो, मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घरात भाड्याने राहिलो आणि पहिल्याच महिन्यात घरमालकीण काकींचा कडाप्प्याचा ओटा खराब केला. तेलाचे डाग निघावेत म्हणून मीठ लावलेले लिंबू ओट्यावर घासले, रस तसाच ठेवून कामावर गेलो आणि संध्याकाळी परतलो तेव्हा काळ्याभोर दगडावर पांढुरके, खरखरीत चट्टे उमटले होते, जे पुढे कधीच गेले नाहीत. "अहो, तो चुन्याच्या जातीचा दगड, त्याला आंबट चालत नाही," एवढेच काकी म्हणाल्या. पण घरगुती स्वच्छतेतले निम्मे शहाणपण त्या एका वाक्यात होते, हे मला नंतर कळले.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागून, अथवा शिवाजी विद्यापीठात शिकण्यासाठी येणाऱ्यांना मी म्हणूनच सांगतो की, खोली ताब्यात घेतल्यावर आधी पायाखाली पाहावे. पेठांमधल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी आणि कडाप्प्याचा ओटा अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. कोटा आणि संगमरवर हेही त्याच चुनखडीच्या कुळातले. या चौघांवर लिंबू, चिंच, व्हिनेगर यांपैकी काहीही लावू नये, कारण आम्ल त्या दगडालाच खाते. ग्रॅनाइट किंवा चिनी मातीच्या टाइल्स असतील, तर एवढी काळजी नाही.

चुनखडीच्या फरशीसाठी मी रिठ्याचे पाणी वापरतो. लक्ष्मीपुरीतल्या किराणा दुकानात किंवा कोणत्याही काष्ठौषधींच्या दुकानात रिठे सुटे मिळतात. दहा-बारा रिठ्यांच्या बिया काढून साली रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी पंधरा मिनिटे उकळून हाताने कुस्कराव्यात आणि पाणी गाळून घ्यावे. सालीतल्या सॅपोनिनमुळे त्याला साबणासारखा फेस येतो, तो डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नये. हे पाणी फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते आणि लोकरी-रेशमी कपड्यांनाही चालते. फरशी फारच तेलकट असेल, तर अर्ध्या बादली गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवून ती पुसावी आणि नंतर साध्या पाण्याने पुन्हा पुसावी. धुण्याचा सोडा खाण्याच्या सोड्याहून बराच तीव्र असतो, त्यामुळे हातमोजे घालावेत आणि ॲल्युमिनियमची भांडी त्यापासून दूर ठेवावीत, नाहीतर ती काळी पडतात.

रविवारी तांबडा-पांढरा रस्सा झाला की पातेल्याला धरलेला कट हा नवख्यांचा मोठा प्रश्न असतो. पाणी तापवायचा बंब ज्या घरात अजून पेटतो, तिथली राख चाळून घ्यावी. राखेतला क्षार तेल सोडवतो आणि बारीक कण घासणीचे काम करतात. राख नसेल, तर आधी डाळीच्या पिठाने तेल टिपून घेतले, तरी पुढचे काम हलके होते. कपड्यावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावताच तो लाल झाला, तर घाबरू नये. क्षार लागला की हळद रंग बदलते. धुतलेला कपडा तसाच कडक उन्हात वाळत घालावा, कारण हळदीचा रंग उन्हाने उडतो.

आता गुळाबद्दल. या गावात गूळ मुबलक असल्यामुळे फळांच्या सालींचे एन्झाइम, म्हणजे साली गुळाच्या पाण्यात आंबवून केलेला सफाईचा द्रव, इथे फार स्वस्तात होते. १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम लिंबू-मोसंबीच्या साली आणि एक लिटर पाणी प्लास्टिकच्या बाटलीत घालावे व बाटलीचा वरचा चौथा भाग रिकामा ठेवावा. साली रसवंतीवाले किंवा ज्यूसवाले विचारल्यास आनंदाने देतात. पहिला महिनाभर रोज एकदा झाकण सैल करून वायू सोडावा, एरवी बाटली फुगते. काचेची बाटली तर वापरूच नये. तीन महिन्यांनी गाळलेल्या द्रवाचा एक कप अर्ध्या बादली पाण्यात मिसळला की मोरीच्या टाइल्स चांगल्या निघतात. यासाठी काळपट, हलक्या प्रतीचा गूळ पुरतो. गुळाच्या बाबतीत असे बोलणे कोल्हापुरात धाडसाचे आहे, पण पिवळाधमक रवा, म्हणजे चांगल्या गुळाची ढेप, बाटलीत बुडवणे मला आजही जिवावर येते. हा द्रवही आंबटच असतो, म्हणजे कडाप्प्यावर तोही नाही.

बोअरच्या पाण्याने नळांवर साचलेला पांढरा थर मात्र आंबटानेच निघतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवावे आणि मग नळ धुवावा. व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून फेसाळ मिश्रण बनवण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो फेस दिसायला जोरकस असला, तरी आम्ल आणि क्षार एकमेकांना निकामी करतात आणि हाती जवळजवळ नुसते खारट पाणी उरते.

लातूरच्या कोरड्या हवेतून आलेल्या मला इथला पावसाळा पचवायला दोन वर्षे लागली. जुलैत कपाटातल्या चपलांवर हिरवट बुरशी येते. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले असते आणि त्याला पाणी सोसत नाही, म्हणून ती धुऊ नये. कोरड्या फडक्याने बुरशी घराबाहेर झटकावी, चप्पल सावलीत वाऱ्यावर वाळवावी आणि मग बोटभर एरंडेल चोळावे. कपाटात लाकडी कोळशाची उघडी वाटी ठेवली, तर कुबट वास कमी होतो.

एका प्रसंगी मात्र यातले काहीही पुरत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका दाखवते, हे आकडे तुम्हाला इथे शेंबडे पोरही सांगेल. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली अशा भागांतल्या घरांत जे पाणी शिरले, त्यात गटारांचेही पाणी होते. अशा घरात रिठा किंवा एन्झाइम वापरून जंतू मरत नाहीत. आधी गाळ खरवडून, साबणाच्या पाण्याने धुऊन, मग ब्लीचिंग पावडरचेच पाणी वापरावे. त्या वेळी दारे-खिडक्या उघड्या असाव्यात आणि व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करण्याचे ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. माझ्या मोरीत आंबट बाटल्या वरच्या फळीवर आणि ब्लीचिंग पावडरचा डबा खालच्या कोनाड्यात असतो; दोन्हींवर नावे मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहेत.