फुलपाखरं हवीत ना? मग बागेत या चुका टाळा

पानफुटीच्या पानांवर पांढुरके फोड, आत काळपट ठिपके. दर वर्षी हाच फोटो आणि हाच प्रश्न: "बुरशी लागलीय, काय मारू?"

काहीही मारू नका. पान उजेडासमोर धरा, आत अळी हलताना दिसेल. रेड पिएरो फुलपाखराची अळी पानाच्या दोन सालींमधला गर खात पुढे सरकते. काळं दिसतं ती तिची विष्ठा. उतावळ्या मंडळींचा क्रम मात्र ठरलेला: आधी बुरशीनाशक, फरक पडत नाही म्हणून कीटकनाशक, शेवटी 'रोगट' पानं खुडून कचऱ्यात. अळ्याही त्यांच्यासोबत गेल्या. आणि मग तक्रार, की आमच्याकडे फुलपाखरं येत नाहीत! पानफुटीच्या तीन-चार कुंड्या ठेवा, एखादी बोडकी झाली तर होऊ द्या. या झाडाचं पान ओल्या मातीवर नुसतं टाकलं तरी कडेने रोपं फुटतात.

कढीपत्ता आणि लिंबाच्या कोवळ्या पालवीवर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं, तर तीही अळीच. फोडणीसाठी एक झाड जाळीखाली ठेवा, दुसरं अळ्यांना सोडा. 'सेंद्रिय आहे' म्हणून बीटी हे जिवाणूंपासून बनलेलं औषध फवारणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: ते औषध बनलंच आहे अळ्या मारायला. ती कोबीवरची की फुलपाखराची, हे त्याला कळत नाही.

दुसरी मोठी चूक ईश्वरीच्या वेलीची. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या फुलपाखरांसाठी ईश्वरी लावायची म्हणून लोक नर्सरीत जातात आणि तिचीच बहीण, तपकिरी-पांढऱ्या नक्षीच्या फुलांची कॅलिको वेल घेऊन येतात. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. ऑस्ट्रेलियात या वेलीने चांगलाच घोळ घातला: रिचमंड बर्डविंग फुलपाखराच्या माद्या तिच्यावर अंडी घालायच्या आणि अळ्या पानं खाऊन मरायच्या. शेवटी तिथे ती उपटून स्थानिक वेल लावायची मोहीम काढावी लागली. तेव्हा विकत घेताना पान बघा. कॅलिकोचं पान रुंद, हृदयाकृती, ईश्वरीचं लांबट. फूलही लहान, फिकट हिरवं, जांभळट ओठाचं. अळ्यांनी वेल ओरबाडली तरी मुळापासून पुन्हा फुटते. फक्त औषध म्हणून कोणी तिचं पान चघळू नये, मूत्रपिंडाला घातक आहे.

मार्चमधली सरसकट छाटणी थांबवा. फांदीला लोंबणारा कोळिष्टकांचा, काड्याकचऱ्याचा झुबका जळमट समजून ओढू नका, ते शिंजीर पक्ष्याचं घरटं असू शकतं. अंड्यांपासून पिल्लं उडेपर्यंत साधारण महिना जातो, तेवढं थांबायला काय हरकत आहे?

पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं उथळच हवं, तीन-चार सेंटिमीटर पाणी आणि मध्ये एक दगड. एक दिवसाआड नुसतं पाणी बदलून भागत नाही, आतली कड काथ्याने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटतात.

उंदरांचं विष टाळा, विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात जातो.

नर्सरीतून आणलेलं नवं रोप लगेच अळ्यांसाठी ठेवू नका. इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक मुळातून पानात चढतं आणि कुंडीच्या मातीत महिनोन्महिने टिकू शकतं. काय फवारलंय ते विक्रेत्याला विचारा, उत्तर नीट मिळालं नाही तर बी किंवा फांदीपासून रोप घरीच करा.