रेट्रो लुक हवाय? आधी बल्ब बदला

फ्लॅटला रेट्रो लुक द्यायचाय म्हणून लगेच फर्निचरच्या मागे लागू नका, आधी पांढऱ्या ट्यूबलाइट काढून २७०० केल्विनचे पिवळसर एलईडी लावा, निम्मं काम तिथंच होतं. मग एकच मोठी जुनी वस्तू घ्या, वेताची आरामखुर्ची नाहीतर सागवानी कपाट, बास. सगळंच जुनं भरलं की घर कमी आणि इराणी हॉटेल जास्त वाटतं (तेच हवं असेल तर प्रश्नच मिटला).

पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, घासाघीस करायचीच. कपाट घेताना ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याची पॉलिश न केलेली मागची बाजू आणि कडा बघा, कडेला थर दिसले तर प्लाय आहे, लाकडाच्या रेषा कडेवरून सलग वळत असतील तर भरीव, आणि खाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला तर कितीही स्वस्तात देऊ दे, घेऊ नका, ती कीड घरातल्या बाकी लाकडालाही लागते.

जुना व्हॉल्व्हचा (आत काचेच्या नळ्या असलेला) रेडिओ मिळाला तर लगेच प्लगमध्ये घालू नका हं, आतले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) बहुतेक गेलेले असतात, जाणकाराकडून तपासून घ्या नाहीतर सरळ शोपीस म्हणून ठेवा.