मुदत संपलेला पदार्थ खायचा की टाकायचा? असे ठरवा

दह्याच्या डब्यावरची तारीख परवाच उलटून गेली आहे. दही दिसायला चांगले, वासही नेहमीचा. अशा वेळी घरात हमखास दोन पक्ष पडतात : एकाला डबा कचऱ्यात हवा असतो, दुसरा चमचा घेऊन तयार असतो. खरे तर नुसती तारीख पाहून हा निकाल लागत नाही आणि नुसते हुंगून तर मुळीच नाही. पुढच्या गोष्टी याच क्रमाने तपासा. वास घेण्याची पाळी मुद्दामच उशिरा ठेवली आहे.

पायरी १ : तारखेच्या आधीचे शब्द वाचा

‘बेस्ट बिफोर’ ही चव, रंग आणि कुरकुरीतपणाची हमी आहे. ती संपली म्हणजे उत्पादकाने चवीची जबाबदारी सोडली, एवढेच. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ ही मात्र सुरक्षिततेची मर्यादा. पाकीटबंद अन्नाच्या लेबलांविषयीच्या आंतरराष्ट्रीय ‘कोडेक्स’ मानकात २०१८ साली हा फरक स्पष्ट केला गेला : पहिली तारीख उलटली तरी पदार्थ खाण्याजोगा असू शकतो, दुसरी उलटल्यावर तो विकूही नये आणि खाऊही नये. ‘सेल बाय’ दिसले तर ती दुकानदारासाठीची सूचना समजा.

म्हणजे ‘यूज बाय’ उलटली असेल तर पुढच्या पायऱ्या वाचायची गरज नाही, पदार्थ टाका. तान्ह्या बाळाच्या दूध पावडरीबाबत शब्द कोणताही असो, तारीख पाळायचीच. मुदतीनंतर तिच्यातली पोषणद्रव्ये घटलेली असू शकतात आणि बाळाचे सगळे पोषण त्या एका डब्यावर चाललेले असते.

पायरी २ : पदार्थात पाणी किती, ते पाहा

जिवाणूंना वाढायला पाणी लागते. म्हणून तांदूळ, पास्ता, साखर, मीठ, मध, बिस्किटे यांच्यावरची तारीख फार मनाला लावून घेऊ नका. बिस्किटे सादळतील, पिठात किडे होतील, तेल आणि सुका मेवा खवट होईल. याने तोंड वाकडे होईल, पण सहसा माणूस आजारी पडणार नाही. आयोडीन नसलेले मीठ, व्हिनेगर आणि साधी साखर यांच्यावर तारीख छापायलाच हवी, असा कोडेक्सचा आग्रहसुद्धा नाही.

डबाबंद पदार्थ मधल्या गटातले. टोमॅटो, अननस यांसारखे आंबट पदार्थ साधारण दीड वर्षापर्यंत चवीला चांगले राहतात, तर कमी आंबट भाज्या, मांस वगैरे दोन ते पाच वर्षे. अट एकच, डबा धड हवा. फुगलेला, गळणारा, शिवणीपाशी खोल चेपलेला किंवा उघडताना आतले द्रव उसळवणारा डबा तारखेच्या आतला असला तरी टाकायचा, चाखूनही पाहायचा नाही. बोट्युलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या जीवघेण्या विषबाधेच्या विषाला वास असेलच असे नाही.

खरी काळजी आहे ती ओलसर, थंडीत ठेवाव्या लागणाऱ्या आणि न शिजवता तोंडात जाणाऱ्या पदार्थांची : शिजवून काप केलेले मांस, धुरी दिलेले मासे, मऊ चीज, कापलेली फळे. इथे तारखेशी हुज्जत घालू नये.

पायरी ३ : पाकिटामागचा इतिहास आठवा

तारीख ही न उघडलेल्या आणि सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या पाकिटाची असते. झाकण उघडले की ती बाद होते आणि ‘उघडल्यावर इतक्या दिवसांत संपवा’ ही ओळ लागू होते. नेमकी ही ओळच बारीक अक्षरांत छापलेली असते!

फ्रीजचे तापमान ५ अंश सेल्सिअसच्या आत हवे. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून नाशवंत पदार्थ दोन तासांहून जास्त वेळ बाहेर राहू देऊ नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. रात्रभर वीज गेलेल्या फ्रीजमधल्या दुधावर पुढच्या आठवड्याची तारीख असली तरी तिला अर्थ उरत नाही. उलट, मुदतीच्या आत उणे १८ अंशांवर गोठवलेला पदार्थ कित्येक महिने सुरक्षित राहतो. तो बाहेर ठेवून नव्हे, फ्रीजमध्येच वितळवा आणि दिवसभरात शिजवून संपवा.

पायरी ४ : आता बघा, हुंगा

नाक कामाचे आहे, पण अर्धेच. दूध नासवणारे, भाजी विटवणारे, मांसावर चिकट थर आणणारे जिवाणू वासाने स्वतःची चहाडी करतात. साल्मोनेला, लिस्टेरिया यांसारखे आजार देणारे जिवाणू मात्र पदार्थाचा रंग, वास, चव न बदलता त्यात असू शकतात. त्यातही लिस्टेरिया फ्रीजच्या थंडीतसुद्धा वाढतो. म्हणून घाण वास आला तर टाका. वास आला नाही, यावरून मात्र फारसे काही सिद्ध होत नाही. अंडे पाण्यात टाकून पाहण्याचेही तसेच : तरंगले तर ते जुने आहे एवढे कळते, त्यात साल्मोनेला आहे की नाही हे कळत नाही.

बुरशी दिसली तर ती हुंगू नका, बीजाणू थेट श्वासात जातात. कडक चीज, गाजर, कोबी यांचा बुरशीभोवतीचा अडीच सेंटीमीटर भाग कापून उरलेले वापरता येते. ब्रेड, जॅम, दही, मऊ फळे मात्र पूर्ण टाकावीत, कारण त्यांत बुरशीचे तंतू दिसतात त्याच्या बरेच पलीकडे गेलेले असतात. दाण्यांवरची बुरशी तर अजिबात चालवून घेऊ नये. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातल्या बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीच्या तपासातून अफ्लाटॉक्सिन सापडले. यकृताच्या कर्करोगाशी संबंध असलेले हे विष भाजल्यानेही पुरते जात नाही.

इथेच ‘चांगले उकळले की झाले’ हा समज निकालात काढावा. उकळल्याने जिवाणू मरतात, पण त्यांनी आधीच सोडलेले विष राहू शकते. बराच वेळ बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस हा जिवाणू जे उलटीचे विष तयार करतो, ते पुन्हा कितीही गरम केले तरी टिकते. स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या विषाचेही तेच.

पायरी ५ : खाणारा कोण आहे?

धडधाकट माणसाने ‘बेस्ट बिफोर’ उलटलेले दही खाल्ले तर फार तर ते जास्त आंबट लागेल. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांच्या ताटात मात्र शंकेचा पदार्थ वाढूच नये. लिस्टेरियामुळे गर्भपात होऊ शकतो, आईला किरकोळ तापापलीकडे काही जाणवले नसले तरीही.

खाऊन झाल्यावर तारीख दिसली तर?

मुद्दाम उलटी काढू नका. बहुतेकांना काहीच होत नाही. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर पाणी आणि क्षारसंजीवनी घोट-घोट घेत राहा. शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी अगदी कमी होणे, पोटात पाणीही न ठरणे यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांकडे जा. डबाबंद पदार्थ खाल्ल्यानंतर एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, पापण्या जड झाल्या, बोलायला किंवा गिळायला त्रास होऊ लागला तर तडक रुग्णालय गाठा आणि तो डबा पिशवीत बांधून सोबत न्या.