फॉइलगेन रंजन: किनारपट्टीवरच्या प्रयोगशाळेसाठी तयारीची यादी

पेशीतला डीएनए नुसता पाहायचा असेल तर बरेच रंग चालतात. मोजायचा असेल तर फॉइलगेन आणि रोसेनबेक यांनी 1924 मध्ये मांडलेली अभिक्रिया आजही भरवशाची आहे, मात्र तिची तयारी आदल्या दिवशीच व्हायला हवी.

आधी डिस्टिल्ड पाणी भरून ठेवा. विहिरीचं मचूळ पाणी किंवा क्लोरीनचं नळपाणी द्रावणांना वापरू नका. मग शिफचं द्रावण. 200 मिली उकळत्या पाण्याखालची आच बंद करून त्यात 1 ग्रॅम बेसिक फ्युक्सिन थोडं थोडं टाका, नाहीतर उसळतं. पाच मिनिटं ढवळा, 50 अंशांवर उतरलं की गाळा, 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल 20 मिली घाला आणि 25 अंशांना 1 ग्रॅम सोडियम मेटाबायसल्फाइट. गडद बाटलीत, घट्ट बुचाने, रात्रभर अंधारात. सकाळी 2 ग्रॅम सक्रिय कोळसा घालून मिनिटभर हलवा, गाळा, फ्रिजमध्ये ठेवा. द्रावण रंगहीन हवं. नंतर गुलाबी होऊ लागलं तर सल्फर डायऑक्साइड निघून गेलाय. ते टाकून द्या. पावसाळ्यात मेटाबायसल्फाइटचा उघडा डबा दमट हवेने गठ्ठाळतो आणि असाच निकामी होतो, म्हणून लहान पाकीट घ्या, डेसिकेटरमध्ये ठेवा.

मुळांसाठी अलिबागचा पांढरा कांदा उत्तम. सेंटिमीटरभर मुळं तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसिटिक आम्लाच्या ताज्या मिश्रणात 24 तास ठेवा, म्हणजे पेशी आहेत तशा टिकतात (स्थिरीकरण). स्थिरीकरणाचं दुसरं मिश्रण, बुआँचं द्रावण, नको. त्यातल्या आम्लाने जलविघटन आधीच सुरू होतं.

खरी परीक्षा जलविघटनाची. आम्ल प्युरीन काढून टाकतं, उघड्या पडलेल्या अल्डिहाइड गटांना शिफ रंगवतं. वेळ कमी पडली तर गट कमी तयार होतात, जास्त झाली तर डीएनएच तुटून धुऊन जातो. दोन्हीकडे रंग फिका, आणि पाहून कारण कळत नाही. म्हणून 5 नॉर्मल आम्लात, 25 अंशांना, 20 ते 90 मिनिटांदरम्यानचे पाच-सहा वेगवेगळे कालावधी घेऊन वेळ आणि रंगाचा आलेख काढा आणि शिखराची वेळ वापरा. मे महिन्यात रत्नागिरीत खोलीचं तापमान म्हणजे 25 अंश नव्हे, तेव्हा बर्फ आणि थर्मामीटर हाताशी असू द्या. वेळ संपताच मुळं थंड पाण्यात. एक नमुना आम्लाशिवाय थेट शिफमध्ये घाला. तो रंगला तर ते अल्डिहाइड डीएनएचे नाहीत.

शिफमध्ये अंधारात दीड-दोन तासांनी मुळाचं अगदी टोक, मिलिमीटर-दीड मिलिमीटर, गर्द जांभळं होतं आणि वरचा भाग फिका राहतो. तेवढंच टोक कापा. धुण्यासाठी 10 टक्के मेटाबायसल्फाइट 5 मिली, 1 नॉर्मल आम्ल 5 मिली, पाणी 90 मिली. तीनदा, दर वेळी ताजं. मग 45 टक्के ॲसिटिक आम्लात दाबून स्लाइड करा.

मोजताना हिरवा फिल्टर, साधारण 560 नॅनोमीटर, कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर बंद. केंद्रकाच्या पूर्ण क्षेत्राची शोषकता बेरजेने घ्या, सर्वांत गडद ठिपक्याची नको. तुलनेसाठी डीएनएचं प्रमाण आधीच माहीत असलेलं मूळ, उदाहरणार्थ मटार (2सी, म्हणजे दुप्पट होण्याआधीच्या द्विगुणित केंद्रकातला डीएनए, सुमारे 9.09 पिकोग्रॅम), त्याच बाटलीतल्या शिफमध्ये, त्याच दिवशी रंगवा.

काजू, रातांबा, आंबा घेणार असाल तर जास्त जपा. टॅनिनमुळे रंग कमी चढतो आणि डीएनए आहे त्याहून कमी मोजला जातो. मटाराचं मूळ त्या ऊतीसोबत एकाच कुपीत ठेवून, स्थिरीकरणापासून पुढचं सगळं करा, मटाराचं दुसरं मूळ वेगळ्या कुपीत तसंच रंगवा. सोबतचं फिकं आलं तर त्या ऊतीचे आकडे धरू नका. त्याच झाडाचा टॅनिन कमी असलेला कोवळा भाग घेऊन पुन्हा हीच चाचणी करा.