ब्रॅकन नेचा: कापताना, खाताना, वापरताना या चुका टाळा

महाबळेश्वरच्या मोकळ्या उतारांवर कमरेएवढा वाढणारा, त्रिकोणी आणि पुन्हा पुन्हा विभागलेल्या पानांचा राकट नेचा म्हणजे ब्रॅकन. त्याच्याबाबतीत लोक चुकतात, कारण ते पानाकडे बघतात आणि झाड असतं जमिनीखाली. काळपट आडवं खोड मातीत पसरत जातं आणि त्यातून एकेक पान सुटं वर येतं. पानांचा झुबका नसतो, ही ओळखायची सोपी खूण.

पहिली चूक: रानातून तो हटवायला एकदा कापून मोकळं होणं. नवं पान खोडातल्या पिठूळ साठ्यावर वाढतं. पान पूर्ण उघडलं की साठा सगळ्यात कमी झालेला असतो. त्यानंतर पानच तो परत भरू लागतं. म्हणून पहिली कापणी पान नुकतं पूर्ण उघडल्यावर आणि दुसरी साधारण सहा आठवड्यांनी. ब्रिटनमध्ये हे जूनच्या मध्याला आणि जुलैअखेरीस येतं. इतरत्र कॅलेंडर न बघता पान बघावं. घाईची मंडळी कोंब दिसताच कोयता घेऊन धावतात. खोडाचं त्यात फारसं काही जात नाही, बाजूचे डोळे फुटतात.

आणि हे किती वर्षं? इंग्लंडच्या ब्रेकलँड भागात १९७८ पासून याचे प्रयोग चालले. वर्षातून दोनदा कापणी हा उपाय सर्वांत सरस ठरला, तरी १८ वर्षांनंतरही नेचा समूळ गेला नाही. जिथे ६ वर्षांनी हात आखडता घेतला, तिथे पुढच्या १२ वर्षांत तो परत आला. एका हंगामात रान साफ करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. निदान तीन वर्षं सलग दोनदा कापायची आणि पुढेही दरवर्षी नजर ठेवायची तयारी नसेल, तर सुरुवातच करू नये.

जाळणं. याचा आम्हाला मनस्वी राग आहे. आगीत वरचा पाला जातो, खोल खोड सुरक्षित राहतं आणि त्याच्याशी स्पर्धा करणारं गवत-झुडूप मात्र मरतं. वणव्यानंतर ब्रॅकनचं फावतं.

कोंब दिसला की भाजी. हिमाचलात लिंगडीची भाजी खाऊन आलेल्यांची ही ठरलेली चूक. लिंगडी वेगळा नेचा: ओलसर जागी, झुबक्याने उगवणारा. ब्रॅकनमध्ये टाक्विलोसाइड हे कर्करोगकारक द्रव्य असतं, तेही कोवळ्या कोंबांत भरपूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८७ मध्ये ब्रॅकनला ‘२ब’ गटात, म्हणजे माणसाला कर्करोगाची शक्यता असलेल्या वस्तूंत, ठेवलं. जपानमध्ये ‘वाराबी’ खातात, पण कोंबांवर लाकडाची राख किंवा खाण्याचा सोडा भुरभुरून उकळतं पाणी ओततात, रात्रभर ठेवतात आणि पाणी बदलून धुतात. विष बरंच उतरतं, सगळं नाही. नुसती उकड काढून फोडणी देणं हा शॉर्टकट इथे चालत नाही. आमचं मत सरळ आहे: खायला इतर शेकडो रानभाज्या आहेत.

वाळलेला म्हणजे निर्विष समजणं. चाऱ्यात मिसळलेला सुका ब्रॅकनही घातक. घोड्यांत तो ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतो. गुरांत अस्थिमज्जा खचते. दीर्घकाळ खाल्ल्यास मूत्राशयात गाठी होऊन लघवीतून रक्त जातं. परिणाम आठवड्यांनी, कधी वर्षांनी दिसतो, म्हणून दोष भलत्याच चाऱ्यावर जातो. विषाचा अंश दुधातही उतरतो. उन्हाळ्यात चारा संपलेला असताना भुकेली गुरं अशा रानात सोडू नका.

नेचा म्हणून सावलीत, पाणथळ जागी लावणं. त्याला ऊन आणि निचऱ्याची आम्लधर्मी माती लागते. बागेत लावूच नका.

उपटून लावण्याचा हट्ट. पानाखाली गड्डा नसतो. उपटताना आडवं खोड तुटतं आणि त्या तुकड्यासह दुसरीकडे लावलेलं रोप बहुधा मरतं.

बीजाणू धरल्यावर कापणी. पानाची कड आत वळलेली असते, तिच्याखाली बीजाणू असतात. कड तपकिरी होण्याआधी कापा. उशीर झाला तर नाकातोंडाला मास्क लावा.

कापलेला पाला मात्र वाया घालवू नका. त्यात पोटॅश चांगलं असतं; युरोपात त्याची राख पूर्वी काच आणि साबणाला वापरत. ढीग विहीर-ओढ्यापासून लांब रचा, कारण टाक्विलोसाइड पाण्यात विरघळतं. पानाचा आकार ओळखू येईनासा होईपर्यंत कुजू द्या आणि मगच खत म्हणून घाला.