'टिल म्हणजे पर्यंत' एवढंच पाठ असेल तर या चुका टाळा

टीममधल्या नवीन पोरांचे मेल क्लायंटला जायच्या आधी माझ्याकडे येतात आणि दर आठवड्याला एकातरी मेलमध्ये हा इंग्रजीतला टिल (till) भलत्याच जागी बसलेला असतो. टिल म्हणजे पर्यंत हे शाळेत शिकवलं ते खोटं नाही, पण आपला 'पर्यंत' एकटाच तीन-चार कामं ओढतो आणि इंग्रजीत त्या प्रत्येक कामाला वेगळा गडी आहे.

सगळ्यात महागात पडते ती 'बाय'च्या (by) जागी टिल घालायची चूक. आमच्या एकाने एका सोमवारी लिहिलं, 'वुई विल सेंड द रिपोर्ट्स टिल फ्रायडे'. त्याला म्हणायचं होतं शुक्रवारपर्यंत पाठवतो, आणि मेल माझ्याही नजरेतून सुटला. मंगळवारी रात्री साडेनऊला मी ताट वाढून घेतेय तोच क्लायंटचा फोन, आजचा रिपोर्ट कुठे आहे? त्यांनी अर्थ घेतला की शुक्रवारपर्यंत रोज रिपोर्ट येत राहणार, आणि तसं त्यांच्या साहेबांना सांगूनही मोकळे झाले होते. मग काय, जागून जागून रोज पाठवले. त्या दिवशीची आमटी गार झाली ती वेगळीच.

तेव्हापासून मी 'पर्यंत' काढून तिथे 'उशिरात उशिरा' घालून बघते. 'उशिरात उशिरा शुक्रवारी पाठवतो', बसलं ना? मग बाय. 'शुक्रवारपर्यंत थांबतो'मध्ये तसं करून बघा, अर्थच बदलतो, म्हणून तिथे टिल. पाठवणं, पोचणं, संपवणं ही एकदा झाली की झाली अशी कामं, त्यांना बाय. थांबणं, राहणं, झोपणं चालूच असतं, त्यांना टिल. फक्त वाक्यात नकार आला की गंमत होते, 'आय डिडन्ट सेंड इट टिल फ्रायडे' अगदी बरोबर आहे, म्हणजे पाठवलं ते थेट शुक्रवारी.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक, 'डोन्ट लीव्ह अनटिल आय डोन्ट कॉल'. आपण म्हणतो 'मी फोन करत नाही तोपर्यंत निघू नकोस' आणि तो 'नाही' उचलून तसाच इंग्रजीत नेतो. अनटिलच्या पोटातच तो 'नाही' आहे हो! 'अनटिल आय कॉल', बास. आणि तिथे विल पण नको, 'अनटिल ही कम्स'. मीसुद्धा कॉलेज संपेपर्यंत हेच चुकीचं बोलायचे, पण तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीवाल्यांना हे सांगायला गेलं की म्हणतात मॅडम, समजतंय ना समोरच्याला! नाही समजत, वरचा मंगळवार वाचा परत.

'आय विल कम टिल स्टेशन' आपल्याआपल्यात खपतं, पण टिल वेळेसाठी, जागेसाठी 'अ‍ॅज फार अ‍ॅज द स्टेशन' म्हणा. 'टिल डेट' भारताबाहेर कानाला खटकतं, 'सो फार' किंवा 'टू डेट' लिहा.

स्पेलिंग: टिलला दोन एल, अनटिलला एक. आणि टिल हा अनटिलचा शॉर्टकट नाही, उलट टिलच काही शतकं जुना आहे, त्यामुळे माझा टिल कापून वर अनटिल लिहिणाऱ्यांनी जरा दमानं घ्या.

आणि हो, ब्रिटनमध्ये टिल म्हणजे दुकानातला गल्ला. माझा भाचा लंडनला गेला तेव्हा पहिल्याच आठवड्यात 'प्लीज पे अ‍ॅट द टिल' या पाटीचा फोटो पाठवून विचारत होता, "मावशी, पैसे कुठपर्यंत भरायचे?"